शरणपूरहून वेस्टमिन्स्टरपर्यंत

१३ जून १८६४ रोजी मुंबई बंदरात एक छोटी आगबोट शिरली, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पावसाळा तोंडावर आला होता आणि बंदरात मोठमोठ्या कापूसवाहू जहाजांची दाटी होती. त्या गर्दीत ‘लेडी न्यासा’ दिसणारच नव्हती. ती समुद्रासाठी बांधलेली बोट नव्हतीच. आफ्रिकेतल्या न्यासा सरोवरावर चालवायची म्हणून ती बांधून घेतली होती, पण सरोवरापर्यंत ती कधी पोचलीच नाही. झांजिबारहून सुमारे अडीच हजार मैलांचा हिंदी महासागर तिनं पंचेचाळीस दिवसांत ओलांडला होता, तोही चौदा टन कोळसा आणि शिडांच्या भरवशावर. बोटीवर तीन युरोपीय खलाशी, झांबेझी नदीकाठचे सात आफ्रिकी गडी आणि दोन मुलगे होते. सुकाणू धरणारा स्कॉटिश माणूस पेशानं डॉक्टर आणि धर्मोपदेशक. त्याचं नाव डेव्हिड लिव्हिंगस्टन.

आफ्रिकेचा शोधक म्हणून लिव्हिंगस्टनचं नाव शाळेच्या पुस्तकात असतं, आणि त्याच्या मागोमाग ‘आपणच डॉक्टर लिव्हिंगस्टन ना?’ हा किस्साही येतो. मुंबई आणि नाशिक मात्र त्या गोष्टीत सहसा येत नाहीत. वास्तविक त्याच्या शेवटच्या प्रवासाची तयारी मुंबईत झाली, त्याच्या तुकडीतली बरीच माणसं नाशिकजवळच्या एका आश्रमात वाढलेली होती, आणि तो मेल्यावर त्याचं शव आफ्रिकेच्या पोटातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांमध्येही नाशिकची मुलं होती. एकोणिसाव्या शतकातल्या शोधमोहिमांची एक दुसरी बाजू या माणसांमुळे दिसते. ती बाजू दाखवायची तर पांढऱ्या टोपीवाल्या साहेबाला थोडं बाजूला उभं करावं लागतं.

लिव्हिंगस्टन तेव्हा एकावन्न वर्षांचा होता. स्कॉटलंडमधल्या ब्लँटायर गावी १८१३ मध्ये त्याचा जन्म झाला. दहाव्या वर्षापासून तो सूतगिरणीत कामाला लागला. पुढे वैद्यकी शिकून १८४१ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत गेला. १८५४ ते १८५६ या काळात पश्चिम किनाऱ्यावरच्या लुआंडापासून पूर्व किनाऱ्यावरच्या केलिमानेपर्यंत त्यानं आफ्रिका आडवी पार केली. वाटेत झांबेझीचा प्रचंड धबधबा त्याला दिसला आणि त्यानं त्याला व्हिक्टोरिया राणीचं नाव दिलं. तिथले लोक त्याला आधीपासून ‘मोसी-ओआ-तुन्या’ म्हणत होते. या प्रवासानं तो इंग्लंडचा लाडका झाला. पण १८५८ पासूनची त्याची सरकारी झांबेझी मोहीम फसली. नदीत धावत्या पाण्याचे दगडी टप्पे निघाले, तापानं माणसं दगावली, त्याची बायको मेरीही तिथंच गेली, आणि शेवटी सरकारनं मोहीम गुंडाळायला सांगितली. उरली ती ‘लेडी न्यासा’. झांजिबारला विकली तर ती गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडेल, अशी त्याला धास्ती होती. म्हणून विकायला तो तिला मुंबईला घेऊन आला.

बोटीवरच्या दोन मुलांपैकी एकाचं नाव चुमा आणि दुसऱ्याचं विकाटानी. दोघंही याओ जमातीचे. १८६१ मध्ये शिरे नदीच्या खोऱ्यात गुलामांचा एक तांडा अडवून लिव्हिंगस्टन आणि बिशप मॅकेंझी यांनी लोक सोडवले, त्यांत ते होते. मुंबईत या दोघांना डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे ठेवलं गेलं. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावानं आहे, तेच हे विल्सन. मुलं त्यांच्या शाळेत शिकली आणि १८६५ मध्ये तिथंच त्यांचा बाप्तिस्मा झाला. सुसी आणि अमोडा हे शुपांगा गावचे दोन गडी मुंबईच्या गोदीत कामाला लागले. लिव्हिंगस्टन इंग्लंडला गेला आणि वर्षभरानं, सप्टेंबर १८६५ मध्ये, नव्या मोहिमेचा बेत घेऊन मुंबईला परतला.

तेव्हाची मुंबई वेगळीच होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ मध्ये पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेअरबाजार फुगला. १८६५ मध्ये युद्ध थांबलं आणि फुगा फुटला. लिव्हिंगस्टननं ‘लेडी न्यासा’ २३०० पौंडांना विकली. त्याला ती सुमारे ६००० पौंडांना पडली होती. ते पैसे त्यानं मुंबईतल्या एका बँकेत ठेवले, आणि थोड्याच दिवसांत ती बँक बुडाली. मगरी, सिंह आणि हिवताप यांतून वाचलेल्या माणसाला मुंबईच्या बँकेनं गाठलं, असं म्हणायला हरकत नाही.

आता आफ्रिकी मुलं नाशिकला कशी, हा प्रश्न. कोकण किनाऱ्याला आफ्रिकी माणूस नवा नव्हता. जंजिऱ्याचे सिद्दी आणि अहमदनगरचा मलिक अंबर ही नावं मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. पण नाशिकच्या मुलांची वाट निराळी होती. पूर्व आफ्रिकेतून माणसं पकडून अरबस्तान आणि इराणच्या आखाताकडे नेणाऱ्या गलबतांवर इंग्रजी आरमार पाळत ठेवत असे. गलबत पकडलं की सुटलेल्या लोकांना कुठं उतरवायचं? आरमाराचं ठाणं मुंबईत होतं, म्हणून पुष्कळांना मुंबईत आणलं जाई. मोठी माणसं कामाला लावली जात, मुलं मिशनांकडे सोपवली जात. नाशिकजवळ शरणपूर इथं चर्च मिशनरी सोसायटीनं वसवलेलं गाव होतं. विल्यम सॉल्टर प्राइस हा मिशनरी ते चालवत असे. १८६०च्या सुमारास तिथं या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम सुरू झाला. मुलांना वाचन-लेखन, इंग्रजी आणि सुतारकी-लोहारकीसारखे धंदे शिकवले जात. नावं मात्र मिशनच्या पद्धतीची मिळाली: एडवर्ड गार्डनर, सायमन प्राइस, जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन. आईबापांनी ठेवलेली नावं बहुतेकांच्या बाबतीत मागंच राहिली.

मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर हे लिव्हिंगस्टनचे चाहते होते. त्यांच्या मदतीनं तुकडी उभी राहिली. त्यात मुंबईच्या मरीन बटालियनचे तेरा शिपाई होते, नाशिकचे नऊ तरुण होते, सुसी, अमोडा, चुमा आणि विकाटानी होते. कोमोरो बेटांपैकी जोहान्नाचे दहा जण पुढे मिळाले. जनावरांचा काफिलाही अजब होता: सहा उंट, तीन म्हशी आणि एक रेडकू, दोन खेचरं, चार गाढवं. आफ्रिकेत त्सेत्से माशी चावली की बैल आणि घोडे मरतात. हिंदुस्थानी जनावरं तग धरतात का, हे लिव्हिंगस्टनला पाहायचं होतं. जानेवारी १८६६ मध्ये मुंबई सरकारनं झांजिबारच्या सुलतानाला भेट म्हणून दिलेल्या ‘थूल’ या जहाजातून तुकडी निघाली.

पहिल्याच वर्षी ती विस्कटली. शिपायांनी जनावरांचे हाल केले, असं लिव्हिंगस्टननं वारंवार लिहिलं आहे. माशीनं मारलं की माणसांनी, ते कळेनासं झालं आणि प्रयोग वाया गेला. शिपायांना त्यानं परत पाठवलं. जोहान्नाचे लोक मुसा नावाच्या आपल्या म्होरक्यासह पळाले आणि किनाऱ्यावर येऊन त्यांनी सांगितलं, की लिव्हिंगस्टन मारला गेला. इंग्लंडमध्ये मृत्युलेख छापून आले. १८६७ मध्ये एडवर्ड यंग नावाच्या आरमारी माणसानं शोध घेऊन ही बातमी खोटी ठरवली. मुसाची ही थाप नीट ध्यानात ठेवायला हवी, सात वर्षांनी तिचा संदर्भ लागतो.

लिव्हिंगस्टनच्या रोजनिशीत नाशिकच्या मुलांबद्दल कौतुक कमी आणि तक्रारी जास्त आहेत. आळशी, कुरकुरे, चोरटे असे शेरे तो मारतो. काही खरेही असतील. पण हा माणूस हाताखालच्यांना समजून घेण्यात कधीच वाकबगार नव्हता. झांबेझीवर त्याचं आपल्या गोऱ्या सोबत्यांशीही पटलं नव्हतं. त्यानंच नोंदवलेला एक प्रसंग मात्र त्या सगळ्या शेऱ्यांपेक्षा जास्त सांगून जातो. मटाका नावाच्या याओ सरदाराच्या गावी बघ्यांच्या गर्दीत अब्राहम या नाशिकच्या तरुणाला आपला मामा दिसला. ओळख पटली. मामानं सांगितलं, की तुला विकल्यानंतर तुझी आई आणि दोघी बहिणीही अरबांना विकल्या गेल्या. मामानं आग्रह केला, सरदारानं केला, लिव्हिंगस्टननंही सांगितलं, की राहा, मी तुला माल देतो. अब्राहमचं उत्तर एकच होतं: आई नाही, बहिणी नाहीत, मग इथं राहू कसा? तो पुढं चालू लागला.

विकाटानी मात्र वाटेत राहिला, त्याला आपली माणसं सापडली. रिचर्ड नावाचा मुलगा आजारानं मेला. जेम्स हा मान्येमा भागात बाजाराला जाताना रानातून आलेल्या बाणानं मारला गेला. औषधांची पेटी जानेवारी १८६७ मध्येच चोरीला गेली होती. त्यात क्विनाइन होतं, तेव्हा लिव्हिंगस्टनच्या पुढच्या आयुष्याचा निकाल तिथंच लागला म्हणायचा. १८७० मध्ये पुष्कळ जण त्याला सोडून गेले आणि जून महिन्यात लुआलाबा नदीकडे निघताना त्याच्याबरोबर तिघंच होते: सुसी, चुमा आणि नाशिकचा गार्डनर. कागद संपले तेव्हा तो जुन्या वर्तमानपत्रांवर, छापील ओळींना आडवं, कुठल्याशा फळांच्या रसानं लिहीत असे. ती अक्षरं नंतर इतकी पुसट झाली, की २०११ मध्ये निरनिराळ्या प्रकाशलहरींनी फोटो घेऊनच ती वाचता आली.

एवढं सोसून तो शोधत काय होता? नाइलचा उगम. लुआलाबा म्हणजे नाइलच, अशी त्याची खात्री होती. प्रत्यक्षात ती काँगो आहे. आयुष्याची शेवटची सात वर्षं त्यानं चुकीच्या नदीमागे घालवली.

नाइलच्या या शोधातही मुंबईचा धागा जुना होता. डिसेंबर १८५६ मध्ये रिचर्ड बर्टन आणि जॉन स्पीक हे ईस्ट इंडिया कंपनीचे दोन लष्करी अधिकारी ‘एल्फिन्स्टन’ या जहाजातून मुंबईहूनच झांजिबारला निघाले होते. त्यांच्याबरोबर व्हॅलेंटाइन आणि गाएतानो हे गोव्याचे दोन नोकर होते. तिकडे गेल्यावर त्यांना सिदी मुबारक बॉम्बे भेटला. लहानपणी पकडून हिंदुस्थानात विकलेला हा याओ माणूस, धनी मेल्यावर मोकळा होऊन झांजिबारला परतला होता. स्पीकला स्वाहिली येत नव्हती आणि सिदीला इंग्रजी. दोघांचं बोलणं हिंदुस्थानीत चाले. आफ्रिकेच्या मध्यभागी, ज्या सरोवराला पुढं व्हिक्टोरियाचं नाव मिळालं त्याच्या वाटेवर, एक इंग्रज आणि एक आफ्रिकी मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत रस्ता विचारत चालले आहेत, हे दृश्य भूगोलाच्या पुस्तकात असायला हवं होतं. सिदी नंतर स्पीक आणि ग्रँटबरोबर गेला, मग स्टॅन्लीबरोबर, मग कॅमेरॉनबरोबर थेट अटलांटिकपर्यंत. त्यानं किती आफ्रिका पालथी घातली याचा हिशेब केला, तर त्याच्या साहेबांपैकी पुष्कळ जण मागं पडतील.

हेन्री मॉर्टन स्टॅन्लीसुद्धा मुंबईहूनच निघाला. ‘न्यूयॉर्क हेरल्ड’नं त्याला लिव्हिंगस्टनला शोधायला धाडलं होतं. ऑक्टोबर १८७० मध्ये त्यानं मुंबई सोडली, मॉरिशस-सेशेल्स करत जानेवारी १८७१ मध्ये झांजिबार गाठलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस टांगानिका सरोवराकाठी उजिजी गावी लिव्हिंगस्टन त्याला भेटला. स्टॅन्लीला सर्वांत आधी सामोरा गेला तो सुसी, अगदी इंग्रजीत अभिवादन करत. मग ‘आपणच डॉक्टर लिव्हिंगस्टन ना?’ हे प्रसिद्ध वाक्य आलं. की नाही आलं? स्टॅन्लीच्या रोजनिशीतलं त्या भेटीचं पान फाडलेलं आहे, आणि लिव्हिंगस्टनच्या लिखाणात ते वाक्य नाही. स्टॅन्लीचा चरित्रकार टिम जील याच्या मते ते मागाहून रचलेलं आहे. तसं असेल, तर पत्रकारितेतलं सर्वांत यशस्वी वाक्य कधी उच्चारलंच गेलं नव्हतं.

स्टॅन्लीनं परत चलण्याचा आग्रह केला, पण म्हातारा ऐकेना. मग किनाऱ्यावर पोचून स्टॅन्लीनं त्याच्यासाठी सत्तावन्न माणसं भरती करून धाडली. त्यांत नाशिकच्या तरुणांची दुसरी फळी होती. जेकब आणि जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार हे त्यांतले. ऑगस्ट १८७२ मध्ये ती उन्यान्येंबेला, म्हणजे आजच्या टांझानियातल्या टाबोराजवळ, लिव्हिंगस्टनला मिळाली. महिन्याच्या अखेरीस सगळे दक्षिणेला निघाले.

१८७३ चे पहिले महिने बांग्वेउलू सरोवराच्या दलदलीत गेले. पाऊस थांबेना. जमीन कुठली आणि पाणी कुठलं हे समजेना. जुनी मोजमापं चुकलेली होती, त्यामुळे सरोवराचा काठही सापडेना. लिव्हिंगस्टनला रक्त जात होतं. ओढे ओलांडताना सुसी किंवा चुमा त्याला खांद्यावर घेत, एप्रिलमध्ये डोली करावी लागली. २७ एप्रिलला त्यानं रोजनिशीत शेवटच्या ओळी लिहिल्या. आजच्या झांबियातल्या चितांबो या सरदाराच्या गावी त्याच्यासाठी झोपडी उभारली. १ मेच्या पहाटे त्याच्याजवळ झोपणारा मज्वारा हा पोरगा सुसीला उठवायला आला. सगळे आत गेले तेव्हा लिव्हिंगस्टन बिछान्याशी गुडघे टेकून, चेहरा हातांत घालून बसलेला होता. अंग थंड पडलं होतं.

इथून पुढची गोष्ट खऱ्या अर्थानं त्या लोकांची आहे. १८६६ मध्ये निघालेल्यांपैकी आता पाच जण उरले होते: सुसी, चुमा, अमोडा आणि नाशिकचे मबरुकी व गार्डनर. बाकीचे नवे. आफ्रिकेच्या मध्यात, कुणीही वरिष्ठ नसताना, साठेक माणसं एकत्र बसली. त्यांनी सुसी आणि चुमाला प्रमुख नेमलं. जेकबला बोलावून लिव्हिंगस्टनच्या पेट्या सर्वांसमक्ष उघडल्या आणि प्रत्येक वस्तूची यादी त्याच्याकडून वहीत लिहून घेतली. मागाहून चोरीचा आळ येऊ नये, यासाठी ही तजवीज होती. मग ठरलं, की शव समुद्रापर्यंत न्यायचं आणि साहेबाच्या मुलखात पोचवायचं.

असं का ठरवलं? इंग्लंडमध्ये याचं उत्तर ‘निष्ठा’ असं दिलं गेलं आणि तिथंच विषय संपवला गेला. निष्ठा होतीच. पण मुसाची थाप आठवा. लिव्हिंगस्टन मेला असं सांगणाऱ्या आफ्रिकी माणसावर विश्वास ठेवायचा नसतो, हे इंग्रज आता शिकले होते. ही गोष्ट चुमा-सुसीला ठाऊक नसेल, असं मानणं कठीण आहे. शव, रोजनिशा, उपकरणं, यादी हा सगळा पुरावा हाती असल्याशिवाय किनाऱ्यावर जाण्यात धोका होता. निष्ठा आणि व्यवहार एकाच डोक्यात राहू शकतात. ‘इमानी नोकर’ हा शिक्का मारला, की त्या डोक्यातला हिशेबी शहाणपणा दिसेनासा होतो.

चितांबोपासून मृत्यू लपवण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण बातमी फुटली. सरदार रागावला नाही. ‘इथंच पुरा, वाट फार लांब आहे,’ असं त्यानं सुचवलं. ते ऐकेनात, तेव्हा त्यानं ढोल वाजवून, बंदुका झाडून रीतसर शोक पाळला. गावाबाहेर वर आभाळ मोकळं असलेलं एक कुंपणाचं खोपट बांधलं गेलं. फरजल्ला हा तुकडीतला गडी पूर्वी झांजिबारला एका डॉक्टरकडे नोकर होता, त्याला शवविच्छेदन बघून माहीत होतं. त्यानं आणि कॅरस फरारनं शव उघडलं. आतड्यात मुठीएवढी रक्ताची गाठ निघाली. हृदय आणि आतडी एका पत्र्याच्या पेटीत घालून झाडाखाली पुरली आणि जेकबनं इंग्रजी प्रार्थनापुस्तकातली अंत्यविधीची प्रार्थना म्हटली. पोकळीत मीठ भरलं, चेहऱ्याला ब्रँडी लावली आणि चौदा दिवस शव उन्हात सुकवलं. मग पाय गुडघ्यांतून मागं दुमडले, कापड गुंडाळलं, झाडाची साल नळकांड्यासारखी सोलून त्यात शव बसवलं, वरून शिडाचं कापड शिवलं आणि डांबर फासलं. ज्या झाडाखाली हृदय पुरलं, त्यावर जेकबनं नाव आणि तारीख कोरली. चितांबोला त्यांनी सांगितलं, की वणव्यात झाड जळू नये म्हणून भोवतालचं गवत काढत राहा. आणि इंग्रज कुणी आलाच, तर खूण दाखवायला त्याच्याकडे पत्र्याची एक पेटी आणि थोडी वर्तमानपत्रं ठेवली.

प्रवास नऊ महिन्यांचा झाला, अंतर हजार मैलांहून जास्त होतं. सुरुवातीलाच निम्मी तुकडी तापानं आडवी झाली, दोन बायका मेल्या. हो, तुकडीत बायकाही होत्या. हालिमा ही स्वयंपाकीण आणि चुमाची बायको न्ताओएका यांची नावं नोंदींत आहेत. एका तटबंद गावानं प्रवेश नाकारला, तेव्हा लढाई झाली. या लोकांनी ते गाव बळजबरीनं घेतलं, माणसं मेली, शेजारच्या वस्त्या जाळल्या गेल्या. चुमा-सुसीचे चाहते हा भाग सांगताना घाईत असतात. पण भुकेलं पोट आणि हाताशी बंदूक असलेला कुठलाही तांडा त्या काळात असाच वागे, आणि हे लोक संत नव्हते.

ऑक्टोबर १८७३ मध्ये उन्यान्येंबे जवळ आलं. तिथं एक इंग्रज तुकडी आल्याचं कानावर आलं, तेव्हा जेकबनं इंग्रजीत पत्र लिहिलं आणि चुमा ते घेऊन पुढं गेला. ती लेफ्टनंट व्हर्नी कॅमेरॉनची तुकडी होती, लिव्हिंगस्टनच्याच मदतीला निघालेली. तिचा मुकादम होता सिदी मुबारक बॉम्बे. कॅमेरॉननं सल्ला दिला, की शव इथंच पुरा, पुढच्या मुलखात धोका आहे. त्यांनी ऐकलं नाही. एक तरुण नौदल अधिकारी समोर उभा असताना या माणसांनी ‘नाही’ म्हटलं. इंग्रजांच्या नोंदींत हा नकार आहे, फक्त त्याच्यावर रेंगाळायची गरज कुणाला वाटली नाही. कॅमेरॉननं लिव्हिंगस्टनची उपकरणं मात्र आपल्या कामासाठी ठेवून घेतली.

पुढे कासेकेरा इथं गाठ पडली ती प्रेताच्या भीतीशी. मेलेला माणूस गावातून नेला की गावावर संकट येतं, असं लोक मानत. रस्ता अडला. तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. काटक्या आणि कापड यांचं शवाएवढं गाठोडं बांधलं आणि काही गडी ते घेऊन, साहेबाला उन्यान्येंबेला पुरायला चाललोय असं सांगत, मागं फिरले. बऱ्याच अंतरावर जाऊन, अंधारात ते गाठोडं मोडून रानात फेकलं आणि गडी परत आले. दरम्यान खरं शव दुसऱ्या आकारात, कापडाच्या गठ्ठ्यासारखं बांधलं गेलं होतं. व्यापाऱ्यांच्या तांड्यांतून असे गठ्ठे रोजच जात. वाटेतल्या गावांनी ते विनातक्रार जाऊ दिले. साप चावून लोसी नावाची लहान मुलगी वाटेत मेली. फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोला समुद्र दिसला.

बक्षीस म्हणून मिळाला तो पगार आणि निरोप. इंग्लंडला जायला जेकब वेनराइट या एकालाच मिळालं, तेही मिशननं त्याचं भाडं भरलं म्हणून. ‘मालवा’ जहाज १५ एप्रिल १८७४ ला साऊथॅम्प्टनला लागलं. शव खरंच लिव्हिंगस्टनचं आहे का, हे पाहायला सर विल्यम फर्ग्युसन या शल्यविशारदानं डाव्या दंडाचं हाड तपासलं. तीस वर्षांपूर्वी सिंहानं चावून ते मोडलं होतं आणि वेडंवाकडं जुळलं होतं. ती खूण बरोबर निघाली. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं. शवपेटीबरोबर चालणाऱ्या आठ मानकऱ्यांत स्टॅन्ली होता, झांजिबारमधला इंग्रज सरकारचा वकील जॉन कर्क होता, आणि नाशिकच्या शरणपूरहून आलेला जेकब वेनराइट.

सुसी आणि चुमा दफनाला पोचू शकले नाहीत. लिव्हिंगस्टनचा श्रीमंत मित्र जेम्स यंग यानं त्यांना नंतर इंग्लंडला आणलं. होरेस वॉलर हा मिशनरी तेव्हा लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या रोजनिशा संपादित करत होता. सुसी आणि चुमाच्या आठवणी ऐकून तो चकित झाला. नद्यांचा क्रम, सरदारांची नावं, कुठल्या गावी किती मुक्काम, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. डिसेंबर १८७४ मध्ये दोन खंडांत निघालेल्या त्या पुस्तकातला मृत्यू आणि परतीचा भाग मुख्यतः या दोघांच्या तोंडून आलेला आहे. पुस्तकावर नाव लिव्हिंगस्टनचं आणि वॉलरचं. जेकबच्या रोजनिशीचं आधी जर्मन भाषांतर पेटरमानच्या भूगोलविषयक नियतकालिकात छापलं गेलं. इंग्रजी मूळ बराच काळ पडूनच राहिलं.

रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं शव आणणाऱ्यांसाठी साठ चांदीची पदकं पाडली. ती पोचेपर्यंत बहुतेक मानकरी पांगले होते. चुमा पुढे जोसेफ थॉमसनच्या मोहिमेचा म्होरक्या झाला आणि १८८२ मध्ये झांजिबारला वारला. सुसी स्टॅन्लीबरोबर काँगोला गेला आणि १८९१ मध्ये मेला. जेकब १८९२ मध्ये टाबोराच्या पश्चिमेला उरांबो इथं गेला.

शरणपूरच्या बाकीच्या मुलांचं काय झालं, तेही पाहायला हवं. १८७३ मध्ये सर बार्टल फ्रिअर सुलतानाशी वाटाघाटी करायला झांजिबारला गेले. जूनमध्ये तह झाला आणि गुलामांचा बाजार बंद पडला. लिव्हिंगस्टनला जाऊन तेव्हा महिना झाला होता. सुटलेल्या लोकांना आफ्रिकेतच वसवावं, असं आता ठरलं. १८७५ मध्ये नाशिकचाच प्राइस मोंबासाला गेला आणि समोरच्या किनाऱ्यावर वसाहत सुरू केली. तिचं नाव फ्रिअर टाऊन. शरणपूरची आफ्रिकी मुलं तिकडं पाठवली गेली. त्यांच्या आधीच, १८६४ मध्ये, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे नाशिकमध्ये शिकलेले तरुण मोंबासाजवळच्या राबाई मिशनला पोचले होते. किनाऱ्यावरचे लोक या सगळ्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. त्यांना इंग्रजी येई, धंदा येई, कपडे वेगळे होते. त्यामुळे त्यांचं मिशनऱ्यांशीही जमेना, आणि स्थानिकांनाही ते परके वाटत. जोन्सला मिशनऱ्यांशी पगार आणि मान यांवरून अनेकदा भांडावं लागलं, तरी पुढे तो धर्मगुरू झाला. फ्रिअर टाऊनची घंटा मोंबासात अजून आहे, तिच्यावरूनच त्या भागाला स्वाहिलीत ‘केंगेलेनी’ म्हणतात. चितांबोच्या गावापासून निघालेल्या तांड्यातला मॅथ्यू वेलिंग्टन त्याच मोंबासात म्हातारा झाला आणि १९३५ मध्ये तिथंच वारला.